सर्जेरावाच्या नावानं

“ब्लू वन, पंचवीस हजार फूट झाले,” मी वायरलेसवर म्हणालो. “आपल्याला इथंच फिरायचंय.”

उत्तर नाही. माझ्या पुढं, जरा डावीकडं, जाचकसाहेबांचं स्पिटफायर विमान नाक वर करून चढतच होतं. ब्लू वन म्हणजे ते, ब्लू टू मी. मी मागोमाग गेलो. दोन नंबरच्या वैमानिकाचं कामच ते. पुढचा जाईल तिथं जायचं आणि त्याची पाठ सांभाळायची.

जरा वेळानं मी पुन्हा हाक दिली. या वेळी कानातल्या खरखरीतून हसणं ऐकू आलं. कुणीतरी मोकळेपणी, पोटातून हसत होतं. फ्लाइट लेफ्टनंट हणमंतराव जाचक आमच्या स्क्वाड्रनमध्ये आल्यापासून मी त्यांना एकदाही हसताना पाहिलं नव्हतं.

एकोणीसशे पंचेचाळीसचा फेब्रुवारी होता. आम्ही आराकानच्या किनाऱ्यावर होतो. भाताची खाचरं ठोकून सपाट केलेली धावपट्टी, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला जंगलानं भरलेले डोंगर आणि डोंगरापलीकडं जपानी. त्यांचं एक टेहळणी विमान अधूनमधून फार उंचावरून येई, आमच्या नौकांचे आणि तळांचे फोटो काढी आणि निघून जाई. आमच्याकडं जुनी हरिकेन विमानं होती तोवर त्याला कुणी हात लावू शकलं नाही. हरिकेन धापा टाकत तेवढ्या उंचीवर पोचेपर्यंत ते घरी जाऊन चहा पीत असेल. मग स्पिटफायर आली. ती नुसती चढत नव्हती, चढायला अधीर असायची. ठरावीक उंची गाठली की इंजिनातला हवा दाबणारा पंखा आपोआप दुसऱ्या वेगात जायचा, पाठीत गुद्दा बसल्यासारखा हिसका लागायचा, आणि जिथं बाकीची विमानं दमतात तिथून ती नव्यानं निघायची. जाचकसाहेब इंदापूरकडचे. ते एकदा म्हणाले होते, “हरिकेन म्हणजे खिलारी बैल. ही भीमथडी घोडी आहे. हिला जमिनीवर उभं करू नका.” ते खरंच होतं. जमिनीवर पाच-दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून उभी केली की तिच्यातलं पाणी उकळायला लागे.

तर त्या सकाळी ते हसत होते आणि विमान पूर्वेला वळत होतं.

“सर, तुमचा ऑक्सिजन बघा,” मी म्हणालो.

“सगळं उत्तम आहे, नागावकर,” ते इंग्रजीत म्हणाले. “इतकं उत्तम कधीच नव्हतं.”

ऑक्सिजन कमी पडला की माणूस गुदमरत नाही, हेच त्यातलं वाईट. त्याला फार छान वाटतं. प्रशिक्षणात आम्हाला एका बंद खोलीत बसवून हवा विरळ केली होती आणि स्वतःचं नाव लिहायला सांगितलं होतं. मी झोकात लिहिलं. बाहेर आल्यावर कागद पाहिला तर नुसत्या रेघोट्या. जाचकसाहेबांची नळी कुठंतरी गळत असणार. आणखी थोड्या वेळानं त्यांची शुद्ध जाणार, आणि ते कोसळणार ते डोंगरापलीकडं.

“खाली चला, सर. माझं इंजिन तापतंय,” मी थाप मारली. काही नाही. जमिनीवरून आमच्यावर नजर ठेवणारा इंग्रज कंट्रोलर विचारू लागला, पूर्वेला का चाललात? त्यालाही काही नाही.

आणि मग जाचकसाहेब मराठीत बोलले. वायरलेसवर इंग्रजीशिवाय बोलायचं नाही असा कडक नियम होता, आणि जमिनीवरसुद्धा ते माझ्याशी बहुधा इंग्रजीतच बोलत. आता ते बोलले ते त्यांच्या नीरेकाठच्या गावातलं.

“सर्ज्या,” ते म्हणाले. “कुठं हाईस रं? मला दिसंना.”

सर्जेराव म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. मी त्याला पाहिलंही नव्हतं. तो आधीच्या वर्षी इम्फाळच्या आघाडीवर हरिकेनमध्ये गेला. दोघं भाऊ तेव्हा एकाच स्क्वाड्रनमध्ये होते, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. त्यापुढं विचारायची कुणाची छाती नव्हती.

“सर, मी नागावकर. खाली चला.”

“सर्ज्या, आरं बोल की.”

त्यांच्या विमानाचं नाक हलायला लागलं होतं. मी अष्टागरातला, नागावचा. आमचं बेने इस्रायलांचं, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं घर. बोलणं सगळं कोकणी वळणाचं. इंदापूरकडं भाऊ भावाशी कसा बोलतो हे मी तंबूत जाचकसाहेबांच्या तोंडून जे चार शब्द पडले असतील त्यावरून जाणत होतो. पण विचार करायला वेळ नव्हता.

“दादा,” मी म्हणालो. “दादा, मी खाली हाय.”

“कुठं खाली?”

“पार खाली. पाण्याच्या अंगाला. डावीकडनं ये. नाक खाली घे, दिसंल.”

विमान डावीकडं कललं. पश्चिमेला, समुद्राकडं. मग नाक खाली गेलं. मी मागोमाग होतो. कंट्रोलर ओरडत होता, ही कुठली भाषा, कोण बोलतंय?

“सर्ज्या, तुला राग आलाय का?”

मला कशाचा ते काही ठाऊक नव्हतं. भावाभावांत काय नसतं? मी क्षणभरही थांबलो नाही.

“न्हाई, दादा. राग कशाचा? तू ये खाली. ये.”

“न्हाई ना?”

“न्हाई.”

ते उतरत राहिले. तेरा-चौदा हजारांवर आल्यावर विमान हळूहळू सरळ झालं. मग त्यांचा नेहमीचा, तुटक इंग्रजी आवाज आला. “ब्लू टू, आपण कुठं आहोत?”

मी दिशा सांगितली. आम्ही उतरलो.

ऑक्सिजनच्या मुखवट्याकडं जाणारी नळी जोडापाशी सैल झालेली निघाली. ती बदलली, रजिस्टरात एक ओळ पडली, प्रकरण मिटलं. कंट्रोलरला मी सांगितलं की वायरलेसमध्ये दुसरंच कुठलंतरी स्टेशन घुसलं होतं. त्याला पटलं की नाही, देव जाणे.

जाचकसाहेब पंखाखाली सावलीत बसले होते. डोकं दुखत होतं त्यांचं. मला म्हणाले, “मी वर काही बोललो का?”

“नाही, सर. हसलात थोडं. मग आपणच खाली वळलात.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली. मला वाटलं, सुटलो. दुसऱ्याच्या मेलेल्या भावाचा आवाज काढणं ही सांगण्यासारखी गोष्ट नव्हती.

पण त्या दिवसापासून माणूस बदलला. जेवणावर नुसते बसणारे जाचकसाहेब दुसऱ्यांदा वाढून घ्यायला लागले. दाढी करताना शीळ घालू लागले. आमचा स्वयंपाकी म्हणाला, साहेबांना घरून चांगली बातमी आलेली दिसते. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण आत कुठंतरी खडा टोचत होता. कारण उंचावरची प्रत्येक गस्त ते मागून घेत होते. दुसऱ्याची पाळी असली तर त्याला बाजूला करून जात. आणि वरून आले की पुन्हा गप्प, पुन्हा तंबूत येरझारा. कुठल्याशा स्टेशनावर गाडीची वाट बघत असल्यासारखे.

एका संध्याकाळी समुद्राकडं फिरायला गेलो असताना त्यांनी मला आपण होऊन थांबवलं.

“नागावकर, तुला सांगायला हरकत नाही. तू मराठी माणूस आहेस. त्या दिवशी वर सर्जेराव माझ्याशी बोलला.”

मी वाळूकडं पाहत राहिलो.

“हसू नकोस.”

“हसत नाही, सर.”

“डॉक्टर म्हणेल, ऑक्सिजन नव्हता, भास झाला. म्हणू दे. मी त्याला एक गोष्ट विचारली आणि त्यानं सांगितलं. स्पष्ट. त्याचाच आवाज.” ते जरा थांबले. “अजून एक विचारायचं आहे. एकच. मग झालं.”

तेव्हा सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलंही. पण त्यांचा चेहरा उतरत्या उन्हात इतका हलका दिसत होता की माझी जीभ रेटेना. मी म्हणालो, “सर, नळी आता नवी आहे.” ते म्हणाले, “हो, माहीत आहे,” आणि पुढं चालू लागले.

त्या रात्री मला झोप नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या विमानापाशी उभा होतो. शेजारच्या विमानावर वेलू नावाचा कॉर्पोरल ऑक्सिजनच्या बाटल्या बदलत होता. तो सहज म्हणाला, “जाचकसाहेबांची बाटली पुरते बुवा. तुम्ही परत येता तेव्हा तुमची निम्मी झालेली असते, त्यांची बरीच भरलेली.”

“कालचीच गोष्ट?”

“नाही. चार-पाच फेऱ्या झाल्या. मी काटा बिघडला म्हणून तोही बदलून पाहिला.”

ते वर गेल्यावर ऑक्सिजन बंद करत होते. थोडा थोडा वेळ, जितका झेपेल तितका. आणि वायरलेसला नुसता कान देऊन बसत होते; सर्जेराव बोलत नव्हता, म्हणून रोज थोडं जास्त.

मी तडक त्यांच्या तंबूकडं निघालो. अर्ध्या वाटेत असतानाच घंटा वाजली. ते टेहळणी विमान येत होतं. जाचकसाहेब तंबूतून पळतच बाहेर आले, माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, “चल, चल, घोडी उकळायला लागेल,” आणि विमानात चढलेसुद्धा. तिथं, इंजिनांच्या आवाजात, दहा माणसांच्या देखत मी काय सांगणार होतो?

आम्ही उडालो. कितीही घाबरलेला असलो तरी ते चढणं अजून आठवतं. पाठ बैठकीला चिकटलेली, समोर नुसतं आकाश, खाली किनाऱ्याची पांढरी रेघ बारीक होत चाललेली. मग तो हिसका बसला आणि तिनं पुन्हा उसळी घेतली. कंट्रोलर दिशा सांगत होता. शत्रू अजून वर, दक्षिणेला. काही वेळानं मला तो दिसलाही. निळ्या आभाळात खडूनं ओढल्यासारखी एक पांढरी रेघ, आणि तिच्या टोकाला ठिपका.

“ब्लू वन, दिसतोय. दोन वाजण्याच्या दिशेला, उजवीकडं वर.”

“पाहिला,” जाचकसाहेब म्हणाले. आवाज ठीक होता. आम्ही त्याच्याकडं वळलो. अंतर कमी होत होतं. माझ्या मनात आलं, शिकार समोर असताना ते काही तसलं करणार नाहीत.

पण अठ्ठावीस हजारांच्या आसपास त्यांचं विमान रेषेतून सरकलं. आधी थोडं, मग बरंच. नाक शत्रूवरून सुटून पूर्वेकडं वळलं.

“ब्लू वन, तो उजवीकडं आहे.”

“सर्ज्या,” ते म्हणाले.

मी दात चावून गप्प राहिलो.

“सर्ज्या, मी आलोय. बोल बाबा.”

कंट्रोलर म्हणाला, ब्लू सेक्शन, तुम्ही वाट सोडता आहात. तो ठिपका आता विमानासारखा दिसत होता. दोन इंजिनं, लांबट अंग. मी एकटा सरळ गेलो असतो तर पाच मिनिटांत माझ्या तोफांच्या टप्प्यात आला असता. स्क्वाड्रनमधल्या प्रत्येकाला तो हवा होता. मी त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि जाचकसाहेबांच्या मागं वळलो.

“सर्ज्या, येकच सांग. आईला सांगू का?”

तेवढ्यापुरतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. नुसतं “दादा, खाली ये, मग सांगतो” म्हटलं असतं तर पहिल्यासारखेच उतरले असते. ते शब्द माझ्या ओठांवर होते. पण त्यांची आई कुठंतरी खरी बसलेली होती, आणि तिला काय सांगायचं ते मी, नागावचा हायम नागावकर, तिच्या मेलेल्या लेकाच्या नावानं ठरवणार होतो. आणि उद्या ते पुन्हा येणार, पुन्हा काही विचारणार. एक दिवस मी मागं नसणार.

“सर,” मी मराठीतच म्हणालो, “सर्जेराव बोलला नव्हता. तो मी होतो. मी नागावकर. त्या दिवशी तुम्हाला खाली आणायला मी त्याच्या नावानं बोललो. ऑक्सिजन चालू करा.”

काही नाही.

“तुम्ही विचारलंत राग आलाय का. नाही, असं मी म्हणालो. कशाचा राग तेसुद्धा मला माहीत नाही. ते शब्द माझे होते, सर. ऑक्सिजन चालू करा.”

खूप वेळ, निदान मला तसं वाटलं, ते विमान सरळ जात राहिलं. मग त्याचा एक पंख अगदी शांतपणे खाली गेला. विमान उलटं झालं आणि सरळ जमिनीकडं सुटलं.

मी मागोमाग उडी घेतल्यासारखा गेलो. स्पिटफायर सूर मारते तेव्हा तिला थांबवणारं काही नसतं. इतर विमानं थरथरतात, तिचे पातळ पंख हवा कापत जातात. वेगाचा काटा तांबड्या खुणेच्या पुढं गेला. कलायला दांडा उजवीकडं ढकलला तर दगडात रुतल्यासारखा, हलेना. पण नाक वर घ्यायचं म्हटलं तर त्याच दांड्याला बोटाचा धक्का पुरतो, आणि धोका तिथंच असतो. घाबरून जोरात ओढलं की डोळ्यांपुढं अंधार येतो, नाहीतर पंखच जातात. मला त्यांचं विमान दिसत होतं, त्याच्या मागं वर चढत येणारं हिरवं जंगल दिसत होतं. ते शुद्धीत आहेत की नाहीत हेच कळत नव्हतं.

“सर, हळू ओढा,” मी बोलत राहिलो. “ऐकताय ना? हळू. झटका देऊ नका. हळू, सर.”

दहा हजार. आठ हजार. मग त्यांच्या पंखांच्या टोकांतून वाफेच्या दोन बारीक रेघा निघाल्या. नाक वर येत होतं. मीही ओढलं. मानेवर कुणी पोतं टाकल्यासारखी हनुवटी छातीवर गेली, सगळं करडं झालं, मग काळं.

दिसायला लागलं तेव्हा समोर समुद्र होता, आणि त्यावर एकच विमान, सरळ उडणारं. मी त्याच्या शेजारी गेलो. जाचकसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

जमिनीवर आलो तेव्हा दोन्ही विमानांच्या पंखांच्या पत्र्याला सुरकुत्या पडल्या होत्या. स्क्वाड्रन लीडर भसीन आमची वाटच पाहत होते. हातातोंडाशी आलेली शिकार सोडून दोन अनुभवी वैमानिक भलतीकडं का गेले, हे त्यांना लगेच, तिथल्या तिथं हवं होतं. मी काहीतरी जुळवायला तोंड उघडलं.

“चूक माझी आहे, सर,” जाचकसाहेब म्हणाले. “मी वर माझा ऑक्सिजन स्वतः बंद केला होता. आज पहिल्यांदा नाही. नागावकर माझ्या मागं आला नसता तर मी आता इथं नसतो.”

भसीनसाहेब त्यांच्याकडं बघतच राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “माझ्या तंबूत या.”

डॉक्टरनं त्यांचं उड्डाण बंद केलं आणि महिनाभराची रजा लिहून दिली. मालवाहू विमान दुपारनंतर कलकत्त्याला जाणार होतं. मी माझ्या तंबूत बसून होतो. निरोप घ्यायला जावं की नाही हे ठरत नव्हतं. तेवढ्यात तेच आत आले. खोक्यावर बसले.

“शब्दन् शब्द सांग,” ते म्हणाले. “त्या दिवशी मी काय बोललो, तू काय बोललास. काही गाळू नकोस.”

मी सांगितलं. माझ्या तोंडची ती उसनी भाषा पुन्हा बोलताना मला इतकी लाज वाटली की मी खाली बघूनच बोललो. ते ऐकत राहिले.

“राग नाही, असं का म्हणालास?”

“तुम्ही खाली यावं म्हणून.”

“हं.” त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. “मग आता ऐक. इम्फाळला त्याच्या विमानाला खालून गोळी लागली. इंजिनातनं पांढरा धूर निघत होता. आम्ही डोंगरावर होतो. उंची होती, हवाई छत्री घेऊन उडी मारण्याइतकी होती. त्यानं मला विचारलं. मराठीत. दादा, उडी मारू?”

बाहेर कुणीतरी इंजिन चालू करून पाहत होतं. ते थांबेपर्यंत जाचकसाहेब थांबले.

“खाली जपानी होते. जंगलात पडलेल्यांचं ते काय करतात हे आम्ही ऐकून होतो. मी म्हणालो, नको. अजून एक डोंगर काढ, पलीकडं आपली धावपट्टी आहे. तो म्हणाला, बरं. एवढंच. त्याचं इंजिन डोंगराच्या अलीकडं बंद पडलं. तोवर उडी मारायलाही उंची उरली नव्हती. वायरलेसवर सगळ्यांनी ऐकलं, पण कुणाला मराठी येत नव्हतं. घरी कळवलं ते एवढंच की गोळी लागली आणि तो जागीच गेला. आईलाही तेच ठाऊक आहे. मी ही गोष्ट आजवर कुणाला सांगितलेली नाही.”

मी पाण्याचा मग त्यांच्यापुढं सरकवला.

“तेव्हा मला उसनं उत्तर नको,” ते म्हणाले. “तू त्याच्या जागी असतास आणि मी नको म्हणालो असतो. तर?”

“मीही थांबलो असतो, सर. तुम्ही नको म्हटल्यावर मी उडी मारली नसती.” ते वाट बघत होते. “आणि इंजिन बंद पडल्यावर मला राग आला असता.”

“माझा?”

“हो. तुमचा.”

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता उठतील आणि पुन्हा कधी माझं तोंड बघणार नाहीत. पण ते तसेच बसून राहिले. मग म्हणाले, “मलाही तेच वाटत होतं.” त्यांचा आवाज दमलेला होता, पण तो तुटकपणा गेला होता. निघताना तंबूच्या दारात थांबून म्हणाले, “आईला सांगतो. तिनं घरात घेतलं नाही तर लवकर परत येईन.”

ते रजा पुरी करून आले. तोवर लढाई दक्षिणेला सरकली होती आणि आमची धावपट्टीही बदलली होती. डॉक्टरनं तपासून त्यांना उडायची परवानगी दिली. संध्याकाळी आम्ही नव्या धावपट्टीच्या कडेनं चालत होतो. मी विचारलं नाही. ते आपणच बोलले.

“वडील ऐकून उठले आणि मळ्यात निघून गेले. अजून माझ्याशी नीट बोललेले नाहीत. बोलतील असं वाटत नाही.”

“आणि आई?”

“ती दोन दिवस गप्प होती. जेवायला वाढायची आणि आत जायची. मी बॅग भरत होतो तेव्हा दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, तो शेवटचं बोलला ते आपल्या बोलीत बोलला? मी म्हणालो, हो. म्हणाली, आणि तू पण? म्हटलं, हो.”

जाचकसाहेब चालायचे थांबले.

“मग म्हणाली, मला वाटत होतं तो तिकडं परक्या मुलखात, परक्या लोकांत, एकटा गेला. तू होतास तर जवळ.”

ते एवढंच सांगून पुढं झाले. मी मागं राहिलो, त्यांना थोडं अंतर मिळावं म्हणून. दुसऱ्या दिवशी पहाटेची गस्त आमची होती.